जांबोटीचा टेम्पो आणि पहिली व्हायवा

"हॉल माझ्यावर सोडा, सर! खुर्च्या कमी पडतील एवढी माणसं आणतो!"

परशराम गावडेनं कुलगुरूंच्या केबिनमध्ये अशी गर्जना केली आणि बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्याला आठवलं, की या अख्ख्या निपाणीत आपल्याला ओळखणारी माणसं दोनच. एक खोलीचे मालक आणि दुसरा खानावळवाला. त्यातला खानावळवाला तीर्थयात्रेला गेलेला. मालकांचं आणि त्याचं पाण्याच्या मोटरवरून वाजलेलं!

हा परशराम मूळचा जांबोटीचा. वय चव्वेचाळीस. निपाणीच्या कॉलेजात मराठीचा प्राध्यापक, म्हणजे दर जूनला नेमणूक होणारा आणि दर एप्रिलला संपणारा प्राध्यापक. लग्न झालेलं नाही. ते का झालं नाही, त्यामागेही एक गर्जनाच आहे. तिशीच्या आत होता तेव्हा घरच्यांनी स्थळ आणलं, तर या गड्यानं भरल्या भावकीत जाहीर केलं, "पीएचडी झाल्याबगर मी बोहल्यावर चढणार न्हाय!" त्याला वाटलं होतं, तीन वर्षांत उरकेल. माणसाला वयाच्या त्या टप्प्यावर काहीही वाटतं.

अडचण अशी होती, की कॉलेजला शिकवायचा अधिकार होता, पण डॉक्टरेट द्यायचा नव्हता. तो परगावच्या मोठ्या विद्यापीठाचा. तिथं परशरामचे पहिले गाईड निवृत्त झाले. दुसऱ्यांनी विषय बदलायला लावला. तिसऱ्यांनी तो पुन्हा होता तसा करायला लावला. मग फाइल हरवली. सापडली तोवर नियम बदलले होते! परशराम हेलपाटे घालायचा आणि खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता म्हणायचा, "कळवतो." कळवतो-कळवतो करता करता परशरामच्या भाचरांची लग्नं झाली, त्यांना पोरं झाली आणि ती पोरं शाळेत जाऊन परशरामआजोबांना विचारू लागली, "तुमची परीक्षा अजून चालू हाय?"

त्याचा विषय मात्र गोड होता. सीमाभागातली माणसं घरात एकमेकांना काय हाका मारतात, हा. कुठल्या घरात बापाला आप्पा म्हणतात, कुठल्या घरात अण्णा. कुठली सून सासूला आई म्हणते, कुठली आत्या, आणि कानडी माहेरची सून मराठी सासरी आली की पहिलं वर्ष हाकच न मारता नुसतं बांगड्या वाजवून काम कसं भागवते. चिकोडीपासून कणकुंबीपर्यंत परशराम घरोघर हिंडला. लोकांच्या सोप्यात बसून चहा प्यायला, हाका ऐकल्या, लिहून घेतल्या आणि संध्याकाळी खोलीवर येऊन कुलूप काढून आत गेला.

आणि यंदा चमत्कार झाला! कॉलेजचं 'वेदगंगा अभिमत विद्यापीठ' झालं! प्राचार्य झोपले ते कुलगुरू होऊन उठले. हेडक्लार्कचे कुलसचिव झाले आणि त्यांनी त्याच दिवसापासून फोन स्वतः उचलायचं बंद केलं. आता संशोधन समिती आपली, परीक्षक आपण नेमायचे, शिक्का आपला, पदवी आपली. कुणाच्या खिडकीशी उभं राहायचं नाही! फक्त एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे नियम. ते लिहायला कुणाला वेळ नव्हता. परशरामला होता. त्याला संध्याकाळी सातनंतर वेळच वेळ असायचा.

त्यानं नियमावली लिहिली आणि तिच्यावर तो आईनं पोरावर करावं तसं प्रेम करू लागला. त्यातही नियम नऊ त्याचा लाडका. "व्हायवा (तोंडी परीक्षा) खुली असेल. उपस्थितांपैकी कोणालाही कोणताही प्रश्न विचारता येईल आणि उमेदवारास त्याचे उत्तर द्यावेच लागेल."

"एवढं खुलं कशाला ठेवताय?" कुलगुरूंनी विचारलं होतं.

"सर, उद्या आपल्या पदवीला कुणी घरगुती म्हणता कामा नये!"

पहिला उमेदवार अर्थातच परशराम. आणि पहिली व्हायवा बघायला दिल्लीहून निरीक्षक येणार होते. त्यांचा अहवाल चांगला गेला तर पदवी द्यायचा अधिकार पक्का. नाही तर अधिकार परत, आणि परशरामचा प्रबंध पुन्हा त्या जुन्या खिडकीशी. त्यात कॉलेजला सुट्टी लागलेली. पोरं घरी, मास्तर पेपर तपासायला. खुली व्हायवा म्हणायची आणि समोर नुसत्या खुर्च्या! म्हणून ती गर्जना.

दोन दिवस परशराम कोणाला बोलवावं याचा विचार करत राहिला. मग शेवटी करायचं तेच केलं. जांबोटीला मोठ्या बहिणीला, सोनाबाईला, फोन लावला.

"आक्का, गुरवारी माझं फायनल हाय."

"पीएचडीचं?"

"व्हय. मोठी मोठी माणसं येणार, मला प्रश्न इचारणार आणि तिथल्या तिथं निकाल सांगणार. गावातली माणसं घेऊन ये गं. हॉल रिकामा दिसाय नको."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हंजे गुरवारी संपणार न्हवं? पुन्ना आणि काय मागं ऱ्हाणार न्हाय न्हवं?"

"संपणार गं!"

"मग बास. बाकीचं समदं मी बघतो."

बाकीचं समदं म्हणजे काय, हे परशरामनं तेव्हाच विचारायला हवं होतं. पण ज्याचा फोन आठवड्यातून एकदा वाजतो, तो माणूस उलटतपासणी करत बसत नाही. आक्का आपल्यासाठी येणार, एवढ्यावरच तो खूश झाला. त्या संध्याकाळी त्यानं भातावर तूपही घेतलं.

गुरुवारी सकाळी विद्यापीठाच्या फाटकातून जांबोटीचा टेम्पो आत आला आणि रखवालदार उठून उभा राहिला. त्याला वाटलं, वऱ्हाड चुकून इकडं आलं! बायका ठेवणीतल्या साड्यांत, अबोलीचे गजरे माळून. बापये पांढऱ्या टोप्या घालून. मागच्या हौद्यातून पोह्यांची दोन पातेली, चहाची किटली आणि नारळांचं पोतं उतरलं. नागुबाईकाकू तर हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली होती.

"वा, गावडे, वा!" कुलगुरू हात चोळत म्हणाले. "शब्द पाळलात!"

तेवढ्यात चिकोडीची एक जीप आली. तिच्यातून जाड मिशांचे एक गृहस्थ, तीन बायका आणि पिवळ्या सुती साडीतली, डोळ्यांवर चष्मा असलेली एक बाई उतरली. परशराम यातल्या कुणालाच ओळखत नव्हता. त्याची छाती फुगली. "सर, बघा! चिकोडीपर्यंत नाव गेलं आपल्या विद्यापीठाचं!"

त्याची छाती फुगलेली असतानाच आक्कानं त्याला दंडाला धरून नळाजवळ नेलं, ओल्या हातानं केस बसवले आणि कानात सांगितलं, "ती पिवळ्या साडीतली बघून ठेव. स्वरूपा. हायस्कुलात शिकीवती. मिशीवालं तिचं मामा, ज्योतिबामामा. समदं त्यांच्या हातात हाय."

"आक्का! आज?"

"तूच म्हणलावतास न्हवं, पीएचडी झाल्याबगर न्हाय म्हणून? आज हुतीया न्हवं? मग एवढ्या लांबनं दोनदा कशाला यायचं?"

"अगं, पण मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं आसतं तर तू न्हाय म्हणाला आसतास."

"आणि त्यांना काय सांगितलंस?"

"खरं त्येच सांगितलं. म्हणलं, आमच्या भावाची परीक्षा चारचौघांत हाय, येऊन बघा. कुठल्या सोयऱ्याला आसं बघाय मिळतंय?"

परशरामला पळून जावंसं वाटलं. पण त्याची पदवी आत हॉलमध्ये होती. तो आत गेला.

सुरुवात झकास झाली. पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि जांबोटीकरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं आलं, पुन्हा टाळ्या. बाहेरगावचे परीक्षक बारीक चणीचे आणि कडक होते. त्यांनी प्रबंधात इतक्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या, की त्याला पिसं फुटल्यासारखी दिसत होती. ते एकेक चिठ्ठी काढून प्रश्न विचारू लागले आणि परशराम घाम पुसत उत्तरं देऊ लागला. एका उत्तराला तो अडखळला, तेव्हा ज्योतिबामामांनी शेजारच्या बाईकडे बघून मान हलवली. ते परशरामनं नेमकं बघितलं आणि पुढच्या उत्तरालाही तो अडखळला.

मग पोहे आले! बघण्याच्या कार्यक्रमात पोहे कधी फिरवायचे, याचा नागुबाईकाकूला उभ्या जन्माचा अनुभव. अवघड प्रश्न सुरू झाले की फिरवायचे! तिनं पहिली बशी निरीक्षकांच्या हातात दिली, दुसरी परीक्षकांच्या. परीक्षक म्हणाले, "अहो, चालू आहे ना!" नागुबाई म्हणाली, "चालू दे की! खाता खाता इचारा, आमची कायबी हरकत न्हाय."

निरीक्षकांनी एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. "बहुत बढिया! ये भी नियमावली में है?"

"परंपरा है," कुलगुरू कपाळाचा घाम टिपत म्हणाले.

परीक्षकांचे प्रश्न संपले. कुलगुरू उठले आणि रीत म्हणून म्हणाले, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं असल्यास..." यावर कुणी काही विचारत नसतं. लोक घड्याळ बघतात आणि सभा संपते.

ज्योतिबामामा उठले. मिशीवरून हात फिरवला. "नोकरी पर्मनंट हाय काय?"

"हे बघा," कुलगुरू घाईनं म्हणाले, "हा प्रश्न प्रबंधाशी..."

निरीक्षकांनी बशी बाजूला ठेवली, चष्मा लावला, नियमावली उघडली आणि शेजारच्याकडून अर्थ समजावून घेतला. "नियम नौ. कोई भी, कुछ भी पूछ सकता है. उत्तर दिया जाए."

नियम नऊ लिहिला त्या दिवशी आपल्याला ताप का आला नाही, असं परशरामला वाटलं. "नाही," तो म्हणाला. "पण पीएचडी झाली की करणार, असा शब्द दिलाय."

"कुणी?"

परशरामनं कुलगुरूंकडे बघितलं. मग जांबोटीनं बघितलं, चिकोडीनं बघितलं आणि सगळ्यात शेवटी दिल्लीनं बघितलं.

"करू," कुलगुरू पुटपुटले.

"मोठ्यान म्हणा की!" मागून नागुबाई.

"करू! पुढच्या महिन्यापासून करू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मामांना आता जोर चढला. "तंबाकू?"

"खात नाही."

"तंबाकूच्या निपाणीत ऱ्हाऊन?" मामांचा विश्वास बसेना. "बरं. सैपाक?"

इथं परीक्षकांचा धीर सुटला. "अहो, हे प्रश्न प्रबंधाच्या कक्षेत तरी येतात का?"

आता नाही म्हणावं तर आपलाच विषय खोटा पडायचा! परशराम खाली मान घालून म्हणाला, "प्रबंध घरातल्या माणसांविषयी आहे, सर. म्हणजे... येतात." आणि मामांकडे वळून, "भात-आमटी येते. रोज रात्री तीच करतो."

"घरात कोण कोण?"

"मी."

"आणि?"

"मीच."

हॉलमध्ये थोडं हसू पिकलं. तेवढ्यात पिवळ्या साडीतली बाई उठली. मामा तिला बसायची खूण करत होते. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

"सर, तुमचा प्रबंध मी आत्ता बाहेरच्या टेबलावर चाळला. चांगला आहे. किती घरांतल्या हाका गोळा केल्यात तुम्ही! मला एवढंच विचारायचं होतं, की तुम्हाला घरी कोण काय हाक मारतं?"

आता या प्रश्नात अवघड काय आहे? जांबोटीच्या शाळेतल्या पोरानंही उत्तर दिलं असतं. पण परशराम मनातल्या मनात हाका मोजू लागला. खोलीमालक 'ओ सर' म्हणायचे, तेही भाड्याच्या तारखेला. खानावळवाला 'कोपऱ्यातलं ताट' म्हणायचा. आक्का फोनवर 'परशा' म्हणायची, पण फोन म्हणजे घर नव्हे. त्यानं आठवून बघितलं. त्या खोलीत त्याच्या नावानं कुणी हाक मारलेली त्याला आठवेना.

"घरी कुणी हाक मारत नाही," तो म्हणाला. मग थांबायचं सोडून बोलतच राहिला. "खरं सांगायचं तर, एवढी घरं हिंडायची प्रबंधाला गरज नव्हती. निम्म्यात काम झालं असतं. पण लोक आत बोलवायचे, चहा द्यायचे. आतून कुणीतरी 'आप्पा, जेवायला चला' म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की मला उठवायचं नाही. खोलीवर फार एकटं वाटतं हो."

कुणी हसलं नाही. आक्कानं पदर तोंडाला लावला. काकू हातातली बशी तशीच धरून उभी राहिली. परशरामला वाटलं, संपलं. पदवी गेली, सोयरीक गेली आणि वर चारचौघांत शोभा झाली.

परीक्षकांनी प्रबंध पुढ्यात ओढला आणि उरलेल्या चिठ्ठ्या एकेक करून काढून टाकल्या. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "एक दुरुस्ती करा. आत्ता बोललात ते प्रस्तावनेत घाला."

मग समिती विचारविनिमयाला शेजारच्या खोलीत गेली. त्याच वेळी चिकोडीची मंडळी विचारविनिमयाला बाहेर आंब्याखाली गेली. परशराम दोन्हींच्या मधोमध व्हरांड्यात उभा! इकडं बघावं का तिकडं बघावं, हे त्याला कळेना.

विद्यापीठाची समिती आधी बाहेर आली. पदवी बहाल! वेदगंगा अभिमत विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट! कुणाच्या खिडकीशी न जाता, आपल्या शिक्क्यानं! जांबोटीकरांनी नारळ फोडले आणि कुलसचिवांच्या नव्या बुटांवर पाणी उडालं. निरीक्षक जाताना कुलगुरूंचा हात हातात घेऊन म्हणाले, की विद्वत्सभेत एवढा लोकसहभाग देशात कुठंच बघितला नाही. दहा विद्यापीठांना ही नियमावली दाखवणार आहे. एक प्रत त्यांनी बॅगेत घातली आणि राहिलेले पोहे डब्यात.

आंब्याखालची समितीही उठली. ज्योतिबामामा आक्कापाशी आले, मिशी कुरवाळली आणि म्हणाले, "कळवतो."

परशरामनं डोळे मिटले. हा शब्द त्याला पाठ होता.

वाट लांबची म्हणून जेवणं झाल्याबरोबर जांबोटीचा टेम्पो निघाला. मघाशी गजबजलेलं आवार एकदम मोकळं झालं. परशराम हॉलमध्ये जाऊन खुर्च्या आवरू लागला. शिपाई म्हणाला, "डॉक्टरसाहेब, राहू द्या," पण त्याला खोलीवर जायची घाई नव्हती.

"सर, दोन मिनिटं बोलू?"

दारात स्वरूपा उभी होती. परशरामच्या हातातली खुर्ची त्याच्याच पायावर पडली.

"मामा कळवतील तेव्हा कळवतील," ती म्हणाली. "त्यांना काय कळवायचं ते कळवू देत. माझं मी सांगायला आलेय. मघाशी तुम्ही जे बोललात, तसं खरं बोलणारा माणूस मी बघायच्या कार्यक्रमात अजून बघितला नव्हता."

खुर्ची पायावर पडली होती, हेही परशराम विसरला.

"माझं एम. ए. झाल्यापासून मनात होतं," ती पुढे म्हणाली. "लांबच्या विद्यापीठात कोण जाणार, म्हणून राहिलं. आज कळलं, की इथंच पीएचडी करता येते. चिकोडीहून बस आहे. मला करायचीय, आणि तुमच्याकडेच करायचीय. गाईड म्हणून तुमचं नाव देऊ?"

"माझं? हो! म्हणजे... का नाही? द्या की!"

"पण मग ते दुसरं जमायचं नाही." ती जरा थांबली. "बाहेर फलकावर नियमावली लावलीय, ती वाचली मी. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यात कोणतंही नातं नसावं, ठरलेलंही नसावं. चांगला नियम आहे. कुणी लिहिलाय?"

परशरामनं खुर्चीची घडी घातली. "समितीनं," तो म्हणाला.

तो नियम बदलता आला असता काय, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला. विद्यापीठ आपलं, समिती आपली. पण प्रत दिल्लीच्या वाटेला लागली होती. आणि खरं म्हणजे, ही बाई एवढ्या आशेनं विचारत असताना तिला 'त्यापेक्षा लग्न करा' असं म्हणणं त्याच्याच्यानं झालं नाही. तो स्वतः त्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस.

"मग दोन्हींतलं एकच होणार," स्वरूपा म्हणाली. "मी पीएचडी निवडलीय. चालेल ना, सर?"

"चालेल," परशराम म्हणाला. "विषय ठरवून या."

ती हसली, नमस्कार करून गेली. जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत तो खिडकीशी उभा होता.

दिवेलागणीला तो खोलीवर पोचतो न पोचतो तोच आक्काचा फोन आला. टेम्पो बेळगाव सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागला होता. "परशा, मामांचा फोन आलता. म्हणाले, पोरगी आमचं ऐकंना, माझं मीच बोलतो म्हणून तुज्याकडं आलती म्हणं! काय म्हणाली रं?"

"हो म्हणाली," परशराम म्हणाला. "पण आक्का, ते..."

पुढचं ऐकायला कोण थांबतंय! टेम्पोत एकच गिल्ला झाला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. नागुबाईकाकूनं सत्तर वर्षांच्या घशानं नवऱ्याचं नाव घेतलं. मांडव गावात घालायचा का निपाणीत, यावरून दोन म्हातारे भांडायला लागले. आक्का हसत होती का रडत होती, तेही कळत नव्हतं. "परशा! ऐकाय येतंय न्हवं? आज गावात साखर वाटतो बघ! परशा!"

"आक्का, अगं ऐक तरी..."

आणि रेंज गेली. जंगलाचा रस्ता, तिथं ती जातेच.

परशराम फोनकडे बघत बसला. तासाभरात ती मंडळी घरी पोचली असती, तेव्हा फोन लागला असता. गाईड म्हणजे काय, हे आक्काला समजावून सांगता आलं असतं. खोटं तर तो बोललाच नव्हता. होकार आला होता. तो कशाला आला, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

उद्या सांगू, असं म्हणून डॉ. परशराम गावडेनं फोन बंद करून ठेवला आणि आमटीला फोडणी घातली. आज एक दिवस तरी आपलं लग्न ठरलेलं असू दे!